तिसऱ्या टबाची दोरी

गावात दोन प्रकारची माणसं होती. थोरलीला तोंडावर 'पारखीणबाई' म्हणणारी आणि पाठ वळली की 'नाकबाई' म्हणणारी. बहुतेक माणसं दोन्हीकडे होती आणि थोरलीला ते चांगलं ठाऊक होतं. तिला त्याचं वाईट वाटत नसे. गावाने आपल्या नाकाला दोन-दोन नावं द्यावीत, यात तिला मनातल्या मनात गुदगुल्याच होत.

थोरली म्हणजे त्या घरातली थोरली जाऊ. बावीस वर्षं ती धक्क्यावर मासळी पारखत होती. होड्या लागल्या की टोपल्या तिच्या पुढ्यात येत. ती वाके, डोळे मिटे, एक श्वास घेई आणि बोट दाखवी. डावीकडे म्हणजे लिलावाला, उजवीकडे म्हणजे खताला. तिच्याशी वाद घालायची कुणाची छाती नव्हती. एकदा एका नावाड्याने घातला, तेव्हा तिने टोपलीत कोपरापर्यंत हात घालून नेमका तो एक सडका मासा बाहेर काढून त्याच्या हातावर ठेवला होता. पुढचं वर्षभर तो बिचारा तिला बघून वाट बदलायचा.

वर्षातून एकदा, उन्हाळा लागला की गावात मासळीचा मेळा भरे. बाहेरून बसगाड्या भरून माणसं येत, धक्क्यावर बाजा वाजे, आणि मधल्या पटांगणात माणूस आत बसेल एवढ्या पातेल्यात रस्सा शिजे. मेळ्याचा एक नियम होता. पातेल्यात जाणारी प्रत्येक टोपली आधी थोरलीच्या नाकाखालून जायची. तिला पसंत पडली तर ती कडीला निळी दोरी बांधे. दोरी नसेल तर खुद्द समितीच्या अध्यक्षांनी आणलेली टोपलीसुद्धा परत जाई. हे अध्यक्ष म्हणजे गावातले बर्फवाले, त्यांचा बर्फाचा कारखाना होता. मागे एकदा त्यांची टोपली खरंच परत गेली होती आणि ही गोष्ट ते स्वतःच दर वर्षी माईकवरून सांगत. सांगताना हसत, पण त्यांच्या नाकाला त्या दिवशी झोंबलेल्या मिरच्या अजून पुरत्या गेलेल्या नव्हत्या.

आता खरी गोष्ट. थोरलीला वास येत नव्हता. चार महिने झाले होते.

हिवाळ्यात तिला सणकून ताप आला. ताप उतरला, अंगात बळ आलं, तोंडाला चवही थोडीफार आली. मग एके सकाळी ती चुलीशेजारी भाजी निवडत बसलेली असताना नवरा बाहेरून धावत आला आणि म्हणाला, "अगं, दूध करपलंय, कुठे लक्ष आहे तुझं?" दूध तिच्यापासून हातभर अंतरावर होतं. त्या दिवशी तिने घरातल्या सगळ्या डब्यांची झाकणं एकेक करून उघडली आणि लावली. तिखटाने शिंक तेवढी आली. वास कशाचाच आला नाही.

शहरातल्या डॉक्टरने नाकात टॉर्च मारून बघितलं आणि वास येईलही, नाहीही येणार, असं सांगितलं. हे कळायला थोरलीला दोन बस बदलून जावं लागलं होतं. तिने कुणाला काही सांगितलं नाही, नवऱ्यालाही नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची. आज येईल, उद्या येईल, असं म्हणत ती रोज धक्क्यावर जात राहिली.

आणि खरं सांगायचं तर तिचं काही अडलंही नाही. बावीस वर्षांत डोळे आणि बोटंही शिकतातच की. माशाचा डोळा फुगीर आहे की खोल गेलाय, कल्ले लाल आहेत की तपकिरी, बोटाने दाबलेलं मांस वर येतं की खड्डा तसाच राहतो, हे ती बघे. शिंपल्यावर टिचकी मारे. जिवंत असेल तो तोंड मिटून घेई. मग वाकणं, डोळे मिटणं, श्वास घेणं हे सगळं ती वरून करी, रीत म्हणून. चार महिन्यांत एकही टोपली चुकली नाही. त्यामुळे तिला हळूहळू असं वाटू लागलं की आपण खोटं बोलत नाही आहोत, फक्त एक गोष्ट सांगायची राहून गेली आहे.

यंदाच्या मेळ्यात मोठ्या पातेल्यावर धाकटी होती. धाकटी म्हणजे थोरलीच्या दिराची बायको. एकाच घराचे दोन भाग, मधे एक दार. ते दार दिवसातून वीस वेळा उघडे. धाकटी गावच्या शाळेत ऐंशी मुलांचा स्वयंपाक करायची, हाताला चव होती, आणि मोठ्या पातेल्याचा मान मिळावा म्हणून तिने नऊ वर्षं कांदे चिरले होते. मेळ्याच्या सकाळी ती चार वेळा मधल्या दारातून डोकावून गेली. "जाऊबाई, मीठ मी शेवटीच टाकू ना? जाऊबाई, हा ॲप्रन बरा दिसतो का?" थोरली म्हणाली, "लोक रस्सा खायला येणार आहेत, तुला बघायला नाही." दोघीही हसल्या.

टोपल्या आल्या, तपासून झाल्या, दोऱ्या बांधल्या गेल्या. शेवटी सोललेल्या कोळंबीचे तीन टब आले. सोललेल्या कोळंबीला डोकं नसतं, डोळा नसतो, कल्ले नसतात. धुतलेली, वर ताजा बर्फ घातलेली, तिन्ही टबांत सारखीच पांढरट गुलाबी. थोरलीने बोट लावून बघितलं. बर्फातली प्रत्येक गोष्ट घट्टच लागते. आपल्याला हे कळणार नाही, हे तिला त्या क्षणी स्वच्छ कळलं. बाजा वाजत होता, बर्फवाले पाहुण्यांना घेऊन शेजारी उभे होते आणि म्हणत होते, "आता बघा आमच्या पारखीणबाई." ती वाकली, डोळे मिटले, श्वास घेतला. एकदा, दोनदा, तीनदा. आणि तीन दोऱ्या बांधल्या.

अर्ध्या तासाने धाकटी पातेल्याकडून आली. हात पुसत, आवाज खाली ठेवून म्हणाली, "जाऊबाई, तिसरा टब जरा परत बघता का? मला वास वेगळा येतोय."

पाहुणे अजून तिथेच होते. थोरलीला सरळ म्हणता आलं असतं, राहू दे तो टब, दोन टबांत भागव. एवढंच म्हणायचं होतं. पण तिला वाटलं, सगळे आपल्याकडेच बघताहेत. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते असं. ती मोठ्याने म्हणाली, "दोरी बांधलीय ना? मग झालं. कांद्या-लसणात उभं राहून तुझं नाक कामातून गेलंय. मला शिकवतेस?"

सगळे हसले. धाकटीही हसल्यासारखं करून मान खाली घालून परत गेली, आणि तिसरा टब पातेल्यात पडला.

एकतीस माणसं आजारी पडली. संध्याकाळपासून गावातल्या घराघरांत उलट्या सुरू झाल्या, आणि दोन बसगाड्या परतीच्या वाटेवर शहरातल्या दवाखान्याकडे वळवाव्या लागल्या. दोन दिवसांत बहुतेक जण उठून बसले. गावचे निवृत्त पोस्टमन तेवढे आठवडाभर दवाखान्यातच राहिले, वय झालं होतं त्यांचं. तिसऱ्या दिवशी कोळंबी सोलणाऱ्या बायकांपैकी एक थोरलीला वाटेत भेटली आणि सहज बोलून गेली, "तिसऱ्या टबात आदल्या संध्याकाळची थोडी घातली होती, रात्रीत बर्फ वितळला होता तिच्यावरचा. पण तुम्ही दोरी बांधलीत म्हणजे तिला काही झालं नसणार. पातेल्यापाशीच काहीतरी घोळ झाला."

गावही हेच म्हणत होतं. दोरी होती म्हणजे माल चांगला होता. माल चांगला होता म्हणजे तो नंतर बिघडला. नंतर तो होता कुणापाशी? धाकटीपाशी. टब उन्हात ठेवला असेल, चुलीजवळ ठेवला असेल. थोरलीच्या नाकावर शंका घ्यावी असं एकाही माणसाच्या मनात आलं नाही. आलं असतं तर तिला बरं वाटलं असतं.

तिचं मन तिला खात होतं. जेवताना, धक्क्यावर, अंथरुणावर, सगळीकडे. पोस्टमनना बघायला ती दवाखान्यात गेली, तेव्हा ते उशीला टेकून बसले होते आणि चेहरा चिपाडासारखा झाला होता. तिला बघून त्यांनाच आनंद झाला. म्हणाले, "मी एरवी बाहेरचं काही खात नाही, तुला माहीत आहे. पण टबाला तुझी दोरी बघितली म्हणून दुसरी वाटी मागून घेतली. तू वाईट वाटून घेऊ नको. तुझा काय दोष?" थोरलीने त्यांना संत्रं सोलून दिलं. सोलताना तिला रडू फुटलं आणि पोस्टमनच तिची समजूत घालत बसले.

सांगायचं, सांगायचं, असं ती रोज ठरवत होती. मधलं दार समोरच होतं. पण दार उघडलं की धाकटी दिसे, सुकलेली, कुणाशी न बोलणारी, आणि थोरलीचं तोंड वेगळंच काहीतरी विचारे. "साखर आहे का गं वाटीभर?" साखर तिच्या घरी भरपूर होती. आठवडाभरात तिने पाच वाट्या साखर उसनी आणली.

रविवारी दुपारी लिलावाच्या शेडमध्ये सभा झाली. प्लास्टिकच्या खुर्च्या मांडल्या होत्या, अर्धं गाव हजर होतं, शाळेच्या मुख्याध्यापिकाही आल्या होत्या. बर्फवाल्यांनी दोरीपासून पातेल्यापर्यंतचा सगळा हिशोब मांडला आणि म्हणाले की धाकटीला यापुढे मेळ्याच्या पातेल्यावर उभं राहता येणार नाही. मग मुख्याध्यापिका उठल्या. त्या बाई वाईट नव्हत्या, त्यांना बोलणं जड जात होतं. "माझ्याकडे ऐंशी मुलं जेवतात," त्या म्हणाल्या. "पालक मला विचारताहेत. उद्या सकाळी मला काहीतरी ठरवावं लागेल."

धाकटी उभी राहिली. "चूक माझीच असणार," ती म्हणाली. "मी खूप आठवून बघितलं. टब उन्हात ठेवल्याचं आठवत नाही, पण ठेवला असणार. जाऊबाईंची दोरी चुकत नाही."

थोरलीला ते ऐकवेना. ती उठली तेव्हा खुर्ची मागे पडली. "चूक तिची नाही," ती म्हणाली. "मला वास येत नाही. चार महिने झाले. मी नुसतं नाटक करत होते."

थोरलीने पुढच्या खुर्चीची पाठ घट्ट धरली. आता काय होईल ते होवो, असं तिला वाटलं, आणि चार महिन्यांत पहिल्यांदा छाती मोकळी झाली.

मग बर्फवाल्यांनी चष्मा काढला आणि डोळे पुसले. "बघा," ते म्हणाले, "याला म्हणतात घरचं माणूस. जावेची नोकरी वाचावी म्हणून भर सभेत स्वतःचं नाक कापून घ्यायला निघाली."

"खरंच येत नाही," थोरली म्हणाली.

"चार महिने रोज माल तुमच्या हाताखालून जातोय, पारखीणबाई, आणि एक टोपली चुकली नाही. आम्ही काय आंधळे आहोत?" लोकांनी टाळ्या वाजवल्या. मागच्या रांगेतल्या बायका म्हणाल्या, जाऊ असावी तर अशी. मुख्याध्यापिकांनीही जवळ येऊन तिचा हात हातात घेतला. "तुमचं मन मोठं आहे," त्या म्हणाल्या. "पण मला मुलांचं बघायला हवं."

आणि थोरली खाली बसली. खोटं कशाला सांगा, बसली. कुणीतरी खुर्ची उचलून ठेवली होती, ती तिच्यावर बसली. मी खरं बोलले, आता कुणी मानलंच नाही तर त्याला मी काय करणार, असा विचार तिच्या मनात आला आणि तो इतका गोड लागला की तिने त्याला हाकललं नाही. सभा संपली. घरी जाताना चार माणसांनी तिला वाटेत थांबवून शाबासकी दिली, आणि तिने ती घेतली.

संध्याकाळी दिवे लावायच्या वेळी मधलं दार उघडलं. धाकटी आत आली. आठ दिवसांत पहिल्यांदा तिच्या चेहऱ्यावर थोडा तजेला होता. "जाऊबाई," ती म्हणाली, "माझी आई असती तरी तिने एवढं केलं नसतं. उद्या शाळेतून नाही म्हटलं तरी मला वाईट वाटणार नाही आता. तुम्ही माझ्यासाठी सगळ्यांसमोर खोटं बोललात, ते मी जन्मभर विसरणार नाही."

थोरलीच्या हातातलं फडकं खाली पडलं. एवढा वेळ गोड लागलेलं सगळं तिच्या घशाशी आलं.

"तू एक काम कर," ती म्हणाली. "मी इथे डोळे मिटून बसते. तुझ्या घरात, माझ्या घरात, अंगणात, जे सगळ्यात घाण असेल ते आण आणि माझ्या नाकाशी धर. काय ते मला सांगू नको. पाय वाजवू नको."

"हे काय भलतंच?"

"आण म्हणते ना."

थोरलीने डोळे मिटले. धाकटी थट्टा समजून हसत गेली. मागच्या अंगणात खेकड्यांच्या सापळ्यांसाठी ठेवलेली आमिषाची बादली होती. माशांची डोकी त्यात मुद्दाम कुजत घातलेली असतात, आणि झाकण उघडायचं तर घरातली पुरुषमाणसंसुद्धा तोंडाला फडकं बांधून उघडतात. थोरली बसून राहिली. तिला घड्याळ ऐकू येत होतं. बराच वेळ झाला असं तिला वाटलं.

"आणलंस का काही?" तिने विचारलं.

तिने डोळे उघडले. बादली तिच्या नाकापासून दोन बोटांवर होती. धाकटीने ती दोन्ही हातांनी धरली होती, तोंड खांद्यात खुपसलं होतं आणि तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

धाकटीने बादली बाहेर नेऊन झाकली. बराच वेळ नळाचं पाणी वाहत राहिलं. मग ती आत येऊन समोर बसली. थोरली तयार होती. चार नाही, चाळीस शब्द ऐकून घ्यायची, हात उगारला तर तोही सोसायची तिची तयारी होती. खरं तर ती त्याचीच वाट बघत होती.

"म्हणजे मला वास आला होता तो खरा होता," धाकटी म्हणाली.

"खरा होता. तुझं नाक बरोबर होतं. माझं मेलेलं होतं." एवढं तरी आपण हिला परत देऊ शकतो, असं थोरलीला वाटलं.

धाकटीचा चेहरा मात्र उजळला नाही. "मग मी तो टब ओतला कसा?" ती म्हणाली.

"मी दोरी बांधली म्हणून. मी चारचौघांत बोलले तुला."

"दोरी तुम्ही बांधलीत. ओतला मी. ओततानाही येत होता, जाऊबाई. मी कांदा जास्त टाकला, मसाला जास्त टाकला, वास मरेपर्यंत टाकत राहिले. मग वाटलं, बघ, गेला, म्हणजे नव्हताच." ती आपल्या हातांकडे बघत होती. "आठ दिवस मी समजत होते की टब उन्हात राहिला असेल. विसरले असेन, माणूस विसरतो. पण हे विसरणं नव्हतं. मला कळलं होतं आणि लोक हसले म्हणून मी वाढलं."

"ते पाप माझं आहे. तू का घेतेस?"

"तुमचं तुमच्याकडेच राहू दे, त्यातलं मी काही मागत नाही," धाकटी म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. "हे माझं वेगळं आहे."

थोरली घाईघाईने म्हणाली, "उद्या सकाळी मी शाळेत येते. बादली घेऊन येते. मुख्याध्यापिकांसमोर हे असंच करून दाखवते, मग तरी मानतील. तुझी नोकरी जाणार नाही."

"या," धाकटी म्हणाली. "आठ वाजता या. तुमचं सांगून झालं की मी माझं सांगणार आहे."

"तुला काय सांगायचंय? वेडी आहेस का? ते ऐकल्यावर त्या तुला एक दिवससुद्धा ठेवणार नाहीत."

"नाही ठेवणार," धाकटी म्हणाली. "त्यांच्या जागी मी असते तर मीही ठेवलं नसतं."

ती उठली, खाली पडलेलं फडकं उचलून तिने खुंटीला लावलं आणि मधलं दार ओढून घेऊन आपल्या बाजूला गेली. थोरली बसून राहिली. थोड्या वेळाने पलीकडून भांडी घासल्याचा आवाज यायला लागला. शाळेतली मोठी भांडी धाकटी रविवारीच घरी आणून घासत असे, सोमवारी पोरांच्या जेवणाला उशीर होऊ नये म्हणून, आणि आजही ती एकेक भांडं नीट घासून उपडं घालत होती.